न निघणारं चाक आणि बाथरूमचा दरवाजा

आमच्या बोरिवलीच्या घरातल्या बाथरूमचा दरवाजा सहा वर्षं नीट लागत नव्हता. पावसाळ्यात तो फुगायचा, दिवाळीनंतर थोडा आकसायचा, आणि तोवर आम्हाला त्याची इतकी सवय झालेली असायची की दुरुस्तीचा विषय मागे पडायचा. कडी आणि चौकटीतलं भोक यांच्यात दोन बोटांचं अंतर राहायचं. त्यावर आम्ही घरगुती तोडगा काढला होता. आत जो असेल त्याने आवाज करत राहायचं. बायको आरत्या म्हणायची, मुलगी फोनवर मैत्रिणीशी बोलायची, आणि मी बातम्या द्यायचो. म्हणजे खरोखरच बातम्या. "आज बी विंगला पाणी उशिरा येणार आहे, लिफ्टचा माणूस उद्या येतो म्हणालाय," असं खणखणीत आवाजात चालू ठेवायचं. आवाज थांबला की बाथरूम रिकामी आहे असं समजून बाहेरचा माणूस आत घुसायचा, आणि चूक घुसणाऱ्याची नाही, गप्प बसणाऱ्याची मानली जायची.

असंच आणखी सहा वर्षं चाललं असतं. पण मुलीचं लग्न ठरायच्या बेतात आलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, राहायला पवईला. स्वभावाने इतका चांगला की आमच्याकडे दोनदा जेवायला आला आणि दोन्ही वेळा पवईला पोचेपर्यंत त्याने कळ काढली, हे मला नंतर कळलं. आता त्याचे आईवडील येणार होते, पहिल्यांदाच, रविवारी संध्याकाळी पाच वाजता. त्यांचं घर बाविसाव्या मजल्यावर, आणि त्या घरात तीन बाथरूम. तीन माणसांना तीन. म्हणजे तिघांना एकाच वेळी घाई झाली तरी कुणाला बातम्या द्यायची गरज नाही.

"बाबा, कारपेंटरला बोलाव," मुलगी म्हणाली.

"घरात ड्रिल असताना कारपेंटर?"

"बाबा, प्लीज. या वेळी नको ना."

हे ड्रिल मला ऑफिसातल्या लोकांनी निवृत्तीच्या दिवशी भेट दिलं होतं. इतरांना घड्याळं देतात. मला ड्रिल दिलं, कारण बत्तीस वर्षं मी तिथल्या प्रत्येक हलणाऱ्या खुर्चीवर आणि अडकणाऱ्या ड्रॉवरवर हात चालवत आलो होतो. खुर्च्या नंतरही हलतच राहिल्या ही गोष्ट वेगळी. ड्रिलबरोबर एक मोठा डबा होता आणि त्यात निरनिराळ्या अटॅचमेंट होत्या. त्यातली एक मला फार आवडायची. काटकोनात वळलेली, टोकाला घासायचं गोल चाक. अडचणीच्या जागी तोंड घालायला झकास. ती वापरायची संधी मी दोन वर्षं शोधत होतो.

पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण म्हणजे मला भीती वाटत होती. एकुलती एक मुलगी तीन बाथरूमच्या घरात जाणार. आधी दर शनिवारी येईल, मग महिन्यातून एकदा, मग सणाला, आणि तेही घाईघाईत, कारण इथे धड कडी लागत नाही. तिला आपल्या घराची लाज वाटायला लागेल आणि ती ते कधी बोलून दाखवणार नाही. ही भीती मी कुणालाच सांगितली नव्हती. तेव्हा निदान तो दरवाजा तरी बापाने स्वतःच्या हाताने नीट करावा, पाहुणे यायच्या आत करावा, आणि पाहुण्यांनी आत जाऊन आपली आपण कडी लावावी, एवढीच माझी इच्छा होती. ड्रिल हातात असलेला माणूस असंच काहीतरी मनात धरून बसतो.

रविवारी सकाळी दहाला मी आणि समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी दरवाजा बिजागऱ्यांतून काढला. काका मूळचे मालवणकडचे, एके काळी गिरणीत होते, आणि त्यांच्या मते जगातलं कुठलंही यंत्र गिरणीतल्या यंत्रापेक्षा फालतू असतं. दरवाजा हॉलमध्ये दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर आडवा ठेवला. मी गॉगल चढवला. चाक फिरायला लागलं आणि पहिली दहा मिनिटं जो भुगा उडाला, तो बघून मला कारपेंटर लोकांची कीव आली.

मग ऑइल पेंट तापला. त्या दरवाजावर रंगाचे निदान पाच थर होते, आधीच्या मालकापासूनचे. ते वितळून चाकाला चिकटले, आणि बघता बघता चाक पापडासारखं गुळगुळीत झालं. दरवाजा जेमतेम अर्धा घासून झाला होता. यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. डब्यात नव्या चाकांचं पाकीट होतं. मधला नट सोडवायचा, जुनं चाक काढायचं, नवं बसवायचं. दोन मिनिटांचं काम.

मी एका पान्याने दांडा धरला, दुसऱ्या पान्याने नट डावीकडे फिरवला. हलेना. जोर लावला. तरी हलेना. दात-ओठ खाऊन लावला, तेव्हा किंचित सरकला आणि परत थबकला. मला आनंद झाला. सरकलाय म्हणजे निघणार.

"माका बघू दी," काका म्हणाले.

आमच्या बिल्डिंगची ही एक पद्धत आहे. कुणाच्या घरी काहीही अडकलं, तुटलं किंवा गळायला लागलं, तर बघायला आलेला माणूस नुसता बघून परत जात नाही. जाण्याआधी तो एक हात मारतो. हात न मारता जाणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परतण्यासारखं. आपणही त्याला नको म्हणायचं नसतं, नाहीतर वर्षभर जिन्यात मान फिरवतो.

काकांनी पाना घेतला, लुंगी आवळली, नट डावीकडे दाबला. "गिरणीत असली किती चाकां सोडवलंय मी," म्हणाले. नट पुन्हा किंचित सरकला. "बघ. येताहा."

"येतोय," मी म्हटलं.

तो येत नव्हता, आणखी आत जात होता, हे आता लिहिताना दिसतं. तेव्हा दिसलं नाही.

बारा वाजता सोसायटीचे सेक्रेटरी आले, आवाजाची तक्रार घेऊन. ड्रिल तर मी तासाभरापूर्वीच बंद केलं होतं. पण तेवढ्यात त्यांची नजर चाकावर गेली आणि तक्रार बाजूला राहिली. "सरका जरा," म्हणाले, आणि त्यांनीही हात मारला, डावीकडेच. मग त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला. त्यात कुठल्या तरी थंड देशातला दाढीवाला माणूस त्याच्या भाषेत अर्धा तास बोलत होता, आणि त्याचं चाक मात्र बोट लावताच निघत होतं. आम्ही तिघांनी तो व्हिडिओ संपूर्ण पाहिला आणि त्या माणसाला शिव्या घातल्या.

मग खोबरेल तेल झालं. मग काकांनी नट गॅसवर तापवायची कल्पना काढली, ती बायकोने ओट्यापाशी आडवं उभं राहून हाणून पाडली, कारण गॅसवर पाहुण्यांसाठी घावन्यांचा तवा चढायचा होता. वरवंटा मागितला तर तोही मिळाला नाही. दोन वाजले. दोन ते चार आमच्या सोसायटीत ठोकाठोक बंद, आणि हा नियम करणारे सेक्रेटरी स्वतः माझ्या हॉलमध्ये मांडी घालून बसलेले. म्हणून तिथून पुढे आम्ही सगळं कुजबुजत केलं. एका खोलीत तीन प्रौढ पुरुष, कोपरापर्यंत तेल, आणि एकमेकांना हळू आवाजात "जोर लाव, जोर लाव" म्हणताहेत. बी विंगचे दोघे पार्किंगवरून भांडायला सेक्रेटरींना शोधत आले. तेही एकेक हात मारून गेले.

मधल्या वेळात मी साध्या पॉलिश पेपरने दरवाजा घासून पाहिला. अर्ध्या तासात चहाचा एक चमचा भरेल इतका भुगा निघाला.

मुलगी अडीचला आंघोळीला गेली, म्हणजे जायला निघाली, आणि बाथरूमला दरवाजाच नाही हे बघून परत हॉलमध्ये आली. "बाबा," तिने शांतपणे विचारलं, "काल निदान दरवाजा होता ना?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. काकांकडे आंघोळीला निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

बाथरूमला पडदा लावायचा ठरला. मुलीने परत येता येता गणपतीच्या मखरामागचा जरीचा पडदा सुचवला. बायको म्हणाली, "देवाचा पडदा संडासाला? वेड लागलंय काय गं?" शेवटी हत्तींची चित्रं असलेली जुनी चादर दोरीवर टाकून सेफ्टी पिना लावल्या. चादर आखूड होती. हत्तींच्या खाली वीतभर सगळं दिसत होतं.

मुंबईत पाचला येतो म्हणणारा माणूस साडेपाचला येतो, आणि सगळी मुंबई या हिशेबावर चालते. मीही याच हिशेबावर होतो. साडेचार वाजता बेल वाजली.

"पवईहून इकडे यायचं म्हणजे ट्रॅफिक लागतो ना," दारातून मुलाची आई म्हणाली, "म्हणून लवकर निघालो, आणि आज नेमका लागलाच नाही."

तिने आत काय पाहिलं असेल ते सांगतो. हॉलच्या मध्यभागी दोन स्टुलांवर झोपलेला दरवाजा. त्याच्यापलीकडे जमिनीवर बसून काकांनी ड्रिल पोटाशी कवटाळलेलं, मी अटॅचमेंट दोन्ही गुडघ्यांत धरलेली, आणि सेक्रेटरी पान्याला लोंबकळलेले. तिघांच्याही अंगावर भुगा, आणि भुग्यावर खोबरेल तेल.

"या, या," मी बसूनच म्हटलं. उठता येत नव्हतं.

मुलाची आई म्हणजे चष्मा, रेशमी साडी, हातात पेढ्यांचा खोका. वडील उंच आणि मुके म्हणावेत इतके गप्प. मुलगा खाली पार्किंग शोधत होता. पाणी झालं, ऊन कमी झाल्याबद्दल बोलून झालं, आणि मग ती बाई माझ्या बायकोकडे वाकून हळूच म्हणाली, "वहिनी, बाथरूम?"

आम्ही सगळ्यांनी हत्तींकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मग तिने खाली, स्टुलांवरच्या दरवाजाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मुलीने डोळे मिटून घेतले. साठ वर्षांच्या आयुष्यात माझी अशी वाट कधी लागली नव्हती. बायकोने तिला उठवलं आणि समोर काकांच्या घरी नेलं. त्या पाच मिनिटांत मी मनातल्या मनात हे लग्न मोडलं, मुलीची माफी मागितली, आणि ड्रिल खाडीत फेकून दिलं.

ती परत आली ती सोफ्यावर बसली नाही. सरळ आमच्याजवळ आली, पदर खोचला आणि खाली वाकून चाक बघायला लागली.

"कधीपासून अडकलंय?"

"सकाळपासून," मी म्हटलं.

"आणि तुम्ही काय करताय?"

"सैल करतोय."

"मग डावीकडे का फिरवताय?"

सेक्रेटरींनी समजावणीच्या सुरात सांगितलं, "मॅडम, डावीकडे फिरवलं की सैल होतं. जगात सगळीकडे तसंच असतं."

"मिक्सरचा कपलर बदललाय का कधी?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कपलर म्हणजे मिक्सरचं भांडं जिच्यावर बसतं ती काळी रबरी चकती. ती झिजते आणि बदलावी लागते, एवढं मला माहीत होतं. ती कोण बदलतं याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"त्याचे आटे उलटे असतात," ती म्हणाली. "मोटर ज्या बाजूला फिरते त्या बाजूने सैल होऊ नये म्हणून. ही तुमची काटकोनी वस्तू पण उलटी फिरत असणार. बटण दाबा बघू." मी बटण दाबलं, चाक फिरलं, आणि तिने मान हलवली. "बघा. सकाळपासून तुम्ही घट्ट करताय हे."

मी हिशेब केला. मी, काका, सेक्रेटरी, बी विंगचे दोघे. पाच जणांनी सहा तास, जीव तोडून, आळीपाळीने, घट्ट केलं होतं.

"आता उजवीकडे ओढा," ती म्हणाली. "तिघांनी मिळून ओढा, कारण तुम्हीच एवढं आवळलंय. मी दांडा धरते."

आम्ही ओढलं. काही झालं नाही. परत ओढलं. तिने पान्यावर हाताचा पंजा एकदा फाडकन मारला आणि ओरडली, "आता!" नट असा काही सुटला की आम्ही तिघे मागे कोसळलो. काका माझ्यावर, मी सोफ्यावर, आणि सेक्रेटरी पेढ्यांच्या खोक्यावर. खोका दीड किलोचा होता. सेक्रेटरी उठले तेव्हा तो पाटासारखा सपाट झाला होता.

"तुम्हाला हे कसं माहीत?" मी जमेल तितक्या सन्मानाने विचारलं.

"लग्नाआधी मरोळला मिक्सरच्या कारखान्यात होते, लाईनवर. पाच वर्षं कपलरच बसवले." ती चाक हातात घेऊन बघत होती. "आम्ही तेव्हा चार बहिणी एका खोलीत राहायचो. बाथरूमचा दरवाजा काय घेऊन बसलात, आमच्याकडे बाथरूमच नव्हतं."

मग माझी बायको, घावन्यांच्या बशा हातात घेऊन उभी होती ती, म्हणाली, "कपलर तर मीपण उलटाच फिरवते."

"मग सकाळपासून बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

काका खाली बघून दाढी खाजवायला लागले. सेक्रेटरी स्वतःला चिकटलेला पेढा झटकत होते. मी उगाचच पाना पुसायला लागलो.

पुढचा तासभर आमच्या हॉलमध्ये मुलगी दाखवण्याचा किंवा बघण्याचा कुठलाही कार्यक्रम झाला नाही. त्या बाईने आधी सुरीने जुना रंग खरवडायला लावला, मग नवं चाक बसवून माझ्या हातात ड्रिल दिलं. "दाबू नका हो, टेकवा नुसतं. चाकाला त्याचं काम करू द्या. अहो, टेकवा!" असा तिचा आवाज अख्ख्या मजल्यावर ऐकू येत होता. मुलाचे वडील एका कोपऱ्यात बसून घावने खात होते आणि अधूनमधून पाय उचलत होते, म्हणजे माझ्या बायकोला भुगा झाडता यावा. मुलगा पार्किंग मिळवून वर आला, तेव्हा त्याची आई गुडघ्यावर बसून दरवाजाच्या कडेवरून हात फिरवत होती. "आई?" एवढंच तो म्हणाला, आणि मग माझ्या मुलीकडे बघून दोघं जे हसायला लागले ते थांबेचनात. दिवसभरात मुलगी पहिल्यांदा हसत होती. डोळे कुणाला दिसू नयेत म्हणून मी गॉगल लावून घेतला.

सहा वाजता दरवाजा चढला. काकांनी एक बिजागरी धरली, सेक्रेटरींनी दुसरी. लोटला. लागला. कडी सरळ भोकात गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग कुणीच आत जाईना, कारण टाळ्या वाजवून झाल्यावर बाथरूममध्ये जायला कुणालाही संकोच वाटतो.

सपाट पेढे आम्ही चमच्याने खाल्ले. लग्नाची बोलणी शेवटच्या दहा मिनिटांत झाली आणि त्यात कुणाचीच कशाला हरकत नव्हती.

त्यांना सोडायला मी आणि मुलगी लिफ्टपर्यंत गेलो. मुलाची आई आणि मुलगा पुढे होते. तेवढ्यात आल्यापासून एक अक्षरही न बोललेले त्याचे वडील माझ्या कानाशी आले.

"आमच्या तिसऱ्या बाथरूमचा नळ अडकलाय," ते कुजबुजले. "प्लंबर बोलावू देत नाही मी. म्हटलं, मी करतो."

"कधीपासून?"

"झालं असेल एक वर्ष. सध्या तिथे सुटकेसी ठेवतो."

"अडीच," लिफ्टमधून त्यांची बायको म्हणाली. "आणि मला हात लावू देत नाहीत."

ते गृहस्थ असे काही लाजले की मला त्यांची गळाभेट घ्यावीशी वाटली. मी तेलकट हाताने त्यांचा हात धरला आणि सांगितलं, "येत्या रविवारी येतो. ड्रिल घेऊन." बाईने कपाळावर हात मारला, ते लिफ्टमध्ये शिरले, आणि लिफ्टचा दरवाजा बंद झाला.

मुलगी तिथेच भिंतीला टेकून हसत राहिली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ओढणीने पुसलं आणि म्हणाली, "बाबा, मला महिनाभर झोप नव्हती रे. एवढ्या मोठ्या घरात मी कशी राहणार, तिकडे माझं कोण असणार, असं वाटत होतं. आणि तिकडे तर तुझ्यासारखाच एक बाबा आहे."

तिलाही भीती वाटत होती, हे मला माहीतच नव्हतं. दोघं एकाच घरात महिनाभर घाबरत होतो, आणि दोघंही गप्प. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या दुपारीच धुतलेल्या केसांना पुन्हा खोबरेल तेल लागलं.